ओटीपी दिला म्हणजे हक्कही देऊन टाकला का?

"ओटीपी तुम्हीच दिलात ना, मग आता बँक काय करणार?"

हे वाक्य मी शाखेतल्या काउंटरवर ऐकलं, फोनवरच्या कस्टमर केअरवाल्या मुलीकडून ऐकलं, घरातल्या लग्नात पंगतीत बसल्यावर ऐकलं, आणि सगळ्यात जास्त त्रास झाला तो मामांच्या तोंडून ऐकताना, कारण त्यांनी ते ऐकून घेऊन मान्यच करून टाकलं होतं. माझा राग त्या वाक्यावर आहे, कारण ते अर्धं खरं आहे आणि उरलेलं अर्धं कुणी सांगतच नाही, आणि त्या न सांगितलेल्या अर्ध्यात लोकांचे लाखो रुपये अडकलेले असतात.

मामांना विचारूनच लिहितेय. त्यांची एकच अट, बँकेचं नाव घ्यायचं नाही, प्रकरण अजून चालू आहे आणि त्या शाखेतली माणसं त्यांना रोज मंडईत भेटतात. मला अट मान्य आहे.

मामा पंचायत समितीतून रिटायर झाले, साताऱ्यात राहतात. पेन्शन आणि दोन एफडी, बस. एफडीच्या व्याजावर टीडीएस कापला गेला होता म्हणून त्यांनी जुलैत रिटर्न भरलं, साडेसहा हजारांच्या आसपास रिफंड यायचा होता आणि ते त्याची वाट बघत होते. हे मुद्दाम सांगतेय कारण नंतर प्रत्येकजण विचारतो की असल्या मेलवर कोण विश्वास ठेवतं. अहो, ज्याला रिफंड यायचाच आहे त्याच्याकडे रिफंडचा मेल आला तर तो उघडणारच की! पाठवणाऱ्यांना ते पक्कं माहीत असतं, रिटर्न भरून झाली की लोक रोज मेल बघतात, त्याच दिवसांत हे मेल सुटतात.

तो मेल मी नंतर सावकाश बसून पाहिला. वर अशोकस्तंभ, खाली निळी पट्टी, 'प्रिय करदाता', रिफंडची रक्कम १५,४९० रुपये, म्हणजे खऱ्याच्या दुपटीहून जास्त, पण मामांना वाटलं हिशोबात आपलंच काहीतरी राहिलं असेल. मग एक बटण, 'बँक खाते व्हेरिफाय करा'. बटण दाबलं की बँकांच्या लोगोंची यादी, त्यातून आपली निवडायची, की हुबेहूब नेटबँकिंगचं लॉगिन पान. पत्त्याच्या पट्टीत बँकेचं नाव होतं, पण ते सुरुवातीला होतं, आणि खरा पत्ता ठरतो तो शेवटच्या भागावरून, जो मोबाइलवर दिसलाच नाही. रिझर्व्ह बँकेने आता बँकांसाठी डॉट बँक डॉट इन असा वेगळा पत्ता आणलाय, ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्या बँकांनी तिकडे जायचं असं सांगितलं होतं, चांगलंच झालं ते, पण पत्त्याचा शेवट बघायचा असतो हे ज्याला माहीत आहे त्यालाच त्याचा उपयोग. आणि इन्कम टॅक्सचा रिफंड तर पोर्टलवर आधीच व्हॅलिडेट केलेल्या खात्यात आपोआप जमा होतो, त्यासाठी नेटबँकिंगचा पासवर्ड कुठेच टाकावा लागत नाही, हे मामांना त्यांचं रिटर्न भरून देणाऱ्यानेही कधी सांगितलं नव्हतं.

त्या पानाने युजर आयडी मागितला, पासवर्ड मागितला, ट्रान्झॅक्शन पासवर्ड मागितला, मग ओटीपी. ओटीपी टाकला की लाल अक्षरात 'चुकीचा ओटीपी, पुन्हा टाका'. असं दोनदा. मामांना वाटलं बोटं चुकीची पडतायत, चष्मा पुसून परत टाकला. प्रत्यक्षात तिन्ही ओटीपी बरोबरच होते, पहिला लॉगिनचा, दुसरा एफडी मोडण्याचा आणि तिसरा नवीन बेनिफिशरी, म्हणजे ज्याला पैसे पाठवायचे ते खातं, जोडण्याचा.

ते तीन एसएमएस मी त्यांच्या फोनवर वाचले. सुरुवातीला सहा आकडे, पुढे इंग्रजीत दीड ओळ, आणि कशासाठी हा ओटीपी आहे तो शब्द त्या दीड ओळीच्या मधे कुठेतरी. मामा मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारे, नोकरीभर टिपण्या लिहिल्या त्या मराठीत, खातं साताऱ्याचं, पासबुकावर मराठी छापलेलं, शाखेत 'आम्ही मराठीत सेवा देतो' असा बोर्ड, आणि ज्या एका मेसेजवर आयुष्यभराची बचत टिकणार की जाणार ते ठरतं तो मेसेज फक्त इंग्रजीत. 'तुमची एफडी मोडली जात आहे' एवढी पाच शब्दांची मराठी ओळ आकड्यांच्या आधी असती तर मामांनी तिथेच हात आखडता घेतला असता, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. हा मुद्दा मी बँकेला लेखी दिलाय आणि उत्तरात त्यावर एक अक्षर नाही.

दुपारी दोन वीसला चार लाखांची एफडी मोडून पैसे सेव्हिंगला आले. दोन एकतीसला ९९,००० गेले, दोन चौतीसला ९८,५००, चार वाजून पाच मिनिटांनी ७५,०००. पहिल्या दोनांच्या वेळी मामा फोन चार्जिंगला लावून झोपले होते. तिसऱ्याच्या वेळी जागे होते, मेसेज बघितला, आणि गप्प बसले.

इथे मला थोडं थांबायचंय, कारण पैशांचा सगळा खेळ या गप्प बसण्यात आहे.

साडेतीन तास. मामींना सांगितलं नाही, शेजारी सांगितलं नाही, बँकेला फोन नाही. खुर्चीत बसून राहिले. संध्याकाळी चहा नको म्हणाले तेव्हा मामींनी मला फोन केला, "तुझ्या मामांचं काहीतरी बिनसलंय बघ, बोलत नाहीयेत, बीपी तपासू का?" मी फोन त्यांच्याकडे द्यायला सांगितला, आणि मामा जे म्हणाले ते मी विसरणार नाही, "अगं, लोक काय म्हणतील, हेडक्लार्क होता म्हणे." पैसे गेल्याचं पहिलं वाक्य नव्हतं ते. आणि यात मामांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही, कारण लोक खरोखरच तसं म्हणतात. शिकलेला माणूस असून कसा फसला, एवढं कळू नये का, हे आपण सहज बोलून जातो, चहा पिता पिता, दुसऱ्या कुणाबद्दल तरी, आणि ते ऐकणारा मनात ठरवून टाकतो की माझ्यावर वेळ आली तर मी कुणाला सांगणार नाही. डॉक्टर फसलेत, सीए फसलेत, स्वतः बँकेत नोकरी केलेले फसलेत. फसवणारी टोळी पूर्णवेळ हेच काम करते आणि आपण एका दुपारी एकटे असतो.

मी म्हणलं मामा, आत्ता फोन ठेवा आणि पहिलं बँकेच्या हेल्पलाइनला लावा, मी इकडून १९३० लावते.

१९३० हा केंद्रीय गृहखात्याच्या सायबर गुन्हे यंत्रणेचा नंबर, आधी तो १५५२६० होता, २०२१ पासून ही पैसे अडवायची पद्धत चालू आहे. त्याचं काम समजून घ्या, मलाही तेव्हाच नीट कळलं. तुम्ही खातं क्रमांक, ट्रान्झॅक्शनचा नंबर, रक्कम, वेळ सांगता, ते सिस्टीममध्ये टाकतात, आणि ज्या बँकेत पैसे गेले तिच्याकडे तिकीट जातं. पैसे तिथे असले तर तेवढ्या रकमेवर होल्ड. पुढे सरकले असले तर तिकीट पुढच्या बँकेकडे, मग त्याच्या पुढच्या. ही चोरांची खाती बहुतेक भाड्याची असतात, कुणा गरजू पोराने दोन-चार हजारांसाठी आपलं खातं, सिम, एटीएम कार्ड देऊन टाकलेलं असतं. पैसे एका खात्यातून चारात, चारातून दहात जातात आणि एटीएममधून निघाले की संपलं. म्हणून तक्रार पहिल्या तासात झाली तर बरंच काही अडतं, पाचव्या तासाला तळाशी उरलेलं हाती लागतं. मामांच्या बाबतीत दुसऱ्या राज्यातल्या एका खात्यात ४८,००० रुपये सापडले, त्यावर होल्ड लागला. बाकीचे निघून गेले होते.

आणि त्याच वेळी मामांचा फोन बँकेच्या हेल्पलाइनला चालू होता. सात सेहेचाळीसला फोन लागला, अकरा मिनिटं चालला. मामांनी सगळं सांगितलं, नेटबँकिंगमधून पैसे जातायत, थांबवा. पलीकडच्या माणसाने डेबिट कार्ड ब्लॉक केलं. फक्त कार्ड! कार्डाचा या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता. नेटबँकिंग चालूच राहिलं, आणि आठ वाजून नऊ मिनिटांनी, म्हणजे बँकेला कळवून झाल्यावर, आणखी ६०,००० गेले. बेनिफिशरी एकदा जोडला की पुढच्या ट्रान्सफरला ट्रान्झॅक्शन पासवर्ड पुरत होता, ओटीपी लागतच नव्हता.

एकूण तीन लाख बत्तीस हजार पाचशे.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने साताऱ्याला गेले. शाखेत साहेबांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं, वाईट वाटलं म्हणाले, आणि मग ते वाक्य. मामांनी मान खाली घातली. साहेब वाईट माणूस नाही, पण त्यांनाही वरून एवढंच शिकवलेलं असावं.

आता न सांगितलेलं अर्धं सांगते. मामांच्या प्रकरणाला लागू होतं ते रिझर्व्ह बँकेचं एक परिपत्रक, ६ जुलै २०१७ चं, ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी किती याबद्दल. सहकारी बँकांसाठी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तसंच निघालं. त्यात म्हटलंय की बँकेची चूक, निष्काळजीपणा किंवा सेवेत कमतरता असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, त्याने कळवलं असो वा नसो. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, यंत्रणेत तिसरीकडेच कुठेतरी आहे, आणि ग्राहकाने बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तरीही शून्य. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर जबाबदारीला मर्यादा, साध्या सेव्हिंग खात्याला प्रत्येक व्यवहारामागे जास्तीत जास्त १०,०००. सात दिवसांनंतर बँकेचं स्वतःचं धोरण काय म्हणतं त्यावर. आणि ग्राहकाने पासवर्ड-ओटीपी देऊन निष्काळजीपणा केला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं सगळं बँकेचं.

हे शेवटचं वाक्य परत वाचा. ओटीपी दिलेल्या माणसालासुद्धा हे परिपत्रक बाहेर हाकलत नाही. घड्याळात एक रेघ ओढतं, रेघेच्या अलीकडचं तुझं, पलीकडचं बँकेचं. मामांची रेघ होती सात सेहेचाळीस.

अजून दोन गोष्टी त्यात आहेत ज्या काउंटरवर कुणी बोलत नाही. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे. आणि चूक ग्राहकाची असली तरी ती माफ करून पैसे द्यायचा अधिकार बँकेला त्याच परिपत्रकाने दिलाय. म्हणजे 'आमचे हात बांधलेत' हे खरं नाही, हात मोकळे आहेत, वापरायचे की नाही हा बँकेचा निर्णय आहे. शिवाय तक्रार मिळाल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम ग्राहकाच्या खात्यात तात्पुरती जमा करायची असते, व्यवहाराच्या तारखेपासूनच ती जमा धरायची असते, आणि नव्वद दिवसांत निकाल लावायचा असतो. मामांच्या खात्यात तात्पुरतं काहीही जमा झालं नाही.

मी साहेबांना म्हणलं, लेखी तक्रार द्यायचीय. ते म्हणाले ऑनलाइन झालीये ना ताई, परत लेखी कशाला. आणि इथे आदल्या दुपारपासून गप्प बसलेले मामा पहिल्यांदा बोलले, "कागद घ्या आणि पोच द्या."

त्यांनी तो अर्ज स्वतः लिहिला, शाखेतल्याच बाकावर बसून. वर उजवीकडे दिनांक, डावीकडे प्रति, मधे 'विषय', खाली 'संदर्भ' आणि संदर्भात परिपत्रकाची तारीख. मजकुरात 'मला फसवलं' वगैरे काही नाही, नुसत्या वेळा, चार रकमा, हेल्पलाइनच्या फोनची वेळ, १९३० चा पोच क्रमांक, आणि मागणी. दोन प्रती. दुसऱ्या प्रतीवर शाखेचा गोल शिक्का, आवक क्रमांक, सही, आणि मामांनी बोट ठेवून सांगितलं, "वेळ पण टाका." त्या क्लार्कने वेळ टाकली. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज घेतलेला माणूस आहे तो, कुठला कागद पुढे उपयोगी पडतो हे मला काय, कुठल्या वकिलालाही तेवढं चटकन कळलं नसतं. त्या बाकावर मला माझे मामा परत दिसले.

बँकेचं पहिलं उत्तर मेलने आलं. सगळे व्यवहार नोंदणीकृत मोबाइलवरच्या ओटीपीने झाले, सबब बँक जबाबदार नाही. चौथ्या व्यवहाराबद्दल म्हणाले की ग्राहकाने फक्त कार्ड ब्लॉक करायला सांगितलं होतं. यावर आम्ही कॉल रेकॉर्डिंग मागितलं. मामांच्या फोनमधल्या कॉल लॉगचा स्क्रीनशॉट जोडला, नंबर, सात सेहेचाळीस, अकरा मिनिटं. कार्ड ब्लॉक करायला अकरा मिनिटं लागतात का हा साधा प्रश्न विचारला. परिपत्रकात असंही आहे की बँकेने ग्राहकाला मेसेज कधी पोचला आणि ग्राहकाने कधी कळवलं याची तारीख-वेळ नोंदवणारी यंत्रणा ठेवायची, कारण जबाबदारी त्यावरच ठरते. ती नोंद द्या म्हणलं.

महिनाभर समाधानकारक काही आलं नाही तसे आम्ही रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, गेलो. २०२१ च्या नोव्हेंबरपासून सगळ्यांसाठी एकच योजना आहे, सीएमएस नावाच्या पोर्टलवर तक्रार करायची, फी नाही, वकील लागत नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली पाहिजे, बँकेने नाकारली असली पाहिजे किंवा तीस दिवस गेले असले पाहिजेत, आणि २०२१ च्या त्या योजनेत तिथून वर्षाच्या आत जायचं होतं. खूप जण पहिलीच पायरी चुकतात, थेट लोकपालाकडे जातात आणि तक्रार परत येते. दुसरी गैरसमजूत अशी की पोलिसात तक्रार चालू आहे म्हणजे लोकपाल घेणार नाही. तसं नाहीये, फौजदारी तपास चालू असला तरी चालतो, त्याच मागणीचा दिवाणी दावा दुसरीकडे चालू नसला पाहिजे एवढंच.

लोकपालाकडे प्रकरण गेल्यावर ते रेकॉर्डिंग सापडलं. त्यात मामा स्पष्ट मराठीत म्हणतायत, "नेटबँकिंग बंद करा, पैसे जातायत." बँकेने ६०,००० परत केले, व्यवहाराच्या तारखेपासून. ज्या दिवशी जमा झाले त्या दिवशी मामींचा फोन आला की मामांनी स्वतः जाऊन कंदी पेढे आणले.

होल्डवरच्या ४८,००० ची वाट वेगळी. होल्ड लागला म्हणजे पैसे मिळाले असं वाटतं लोकांना, पण ते दुसऱ्याच्या खात्यात नुसते गोठलेले असतात. ते सोडवायला साताऱ्याच्या कोर्टात अर्ज करावा लागला, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५०३, पूर्वीचं सीआरपीसीचं ४५७. सायबर पोलीस ठाण्याचा अहवाल, मामांचं हमीपत्र, मग न्यायालयाचा आदेश, मग तो आदेश त्या परराज्यातल्या बँकेकडे. वेळ लागला, पण आले.

उरले दोन लाख चोवीस हजार पाचशे. हे रेघेच्या अलीकडचे. लोकपालांनी या रकमेपुरती तक्रार बंद केली, ओटीपी ग्राहकाने दिले म्हणून. बहुतेक लोक इथे थांबतात, आणि मी त्यांना समजू शकते, दमायला होतं. पण मला वाटतं की इथे थांबू नये, आणि हे मी हवेत बोलत नाहीये.

पुण्यातलीच केस आहे. एका कंपनीच्या एमडींनी असाच फिशिंग मेल, म्हणजे माहिती काढून घेणारा खोटा मेल, खरा समजून उत्तर दिलं आणि पंजाब नॅशनल बँकेतल्या खात्यातून ८० लाख १० हजार रुपये गेले. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ खाली प्रत्येक राज्याचे आयटी सचिव अशा नुकसानभरपाईचे निवाडा अधिकारी असतात, पाच कोटींपर्यंतच्या मागण्या त्यांच्याकडे जातात. महाराष्ट्राचे तेव्हाचे सचिव राजेश अगरवाल यांनी २०१३ मध्ये बँकेला ४५ लाख द्यायला सांगितलं. मेलला उत्तर दिलं म्हणून नुकसानीचा काही भाग ग्राहकाने सोसायचा, पण पैसे ज्या खात्यांत गेले ती बोगस खाती नीट तपासणी न करता उघडली गेली होती, ती बँकेची चूक. म्हणजे दोन चुका शेजारी शेजारी ठेवून दोघांना वाटून दिल्या. मला हा निकाल फार न्यायाचा वाटतो. तमिळनाडूत तुतिकोरिनच्या एका अनिवासी भारतीयाचे २००७ मध्ये फिशिंग मेलमुळे साडेसहा लाखांच्या आसपास गेले होते, तिथल्या आयटी सचिवांनी २०१० मध्ये आयसीआयसीआय बँकेला व्याज-खर्चासकट १२ लाख ८५ हजार द्यायला सांगितलं, बँक अपिलात गेली आणि २०१९ मध्ये तिथेही ग्राहकाच्याच बाजूने लागलं. बारा वर्षं, पण लागलं.

अलीकडे हायकोर्टंही बोलायला लागलीयेत. जून २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने बँक ऑफ बडोदाला ७६ लाख ९० हजार परत करायला लावले. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली हायकोर्टाने एसएमएसमधल्या लिंकवर क्लिक केलेल्या स्टेट बँकेच्या ग्राहकाला २ लाख ६० हजार व्याजासकट द्यायला सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये गुवाहाटीच्या एका ग्राहकाच्या ९४,२०४ रुपयांसाठी स्टेट बँक थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि तिथे हरली, कारण ग्राहकाने चोवीस तासांच्या आत कळवलं होतं आणि संशयास्पद व्यवहार ओळखणं ही बँकेचीही जबाबदारी आहे. हे सगळे निकाल मामांना जसेच्या तसे लागू होत नाहीत हे मला माहीत आहे, मुंबईच्या केसमध्ये बेनिफिशरी जोडल्याचे ओटीपी ग्राहकाकडे आलेच नव्हते, दिल्लीच्या ग्राहकाने ओटीपी दिलाच नव्हता. मामांनी दिले होते. म्हणून आम्ही पूर्ण रक्कम मिळेल असं धरून चाललेलो नाही. आमचं म्हणणं पुण्याच्या निकालासारखं आहे, मामांचा भाग मामांना, बँकेचा बँकेला.

आणि बँकेचा भाग आहेच. आठ वर्षांत ज्या खात्यातून पेन्शन, लाइट बिल आणि औषधं याशिवाय काही गेलं नाही, त्या खात्यात एका दुपारी एफडी मोडते, अनोळखी बेनिफिशरी जोडला जातो आणि चौदा मिनिटांत दोन लाखांना अडीच हजार कमी एवढी रक्कम बाहेर जाते, तरी एक साधा फोन येत नाही. नवीन बेनिफिशरीला पहिले काही तास कमी मर्यादा ठेवायची पद्धत कितीतरी बँकांत आहे, इथे का नव्हती? ज्या खात्यात पैसे गेले ते कुणी उघडलं, कुठल्या कागदांवर, त्यात आधी किती उलाढाल होती? हे प्रश्न मामा विचारू शकत नाहीत असं ज्यांना वाटतं त्यांनी मामांची टिपणी बघावी.

ती टिपणी म्हणजे आता निवाडा अधिकाऱ्यांकडे जाणारा अर्ज आहे. मामांनी कच्चा खर्डा फुलस्केपवर काढलाय, समासात मुद्द्यांना क्रमांक, प्रत्येक मुद्द्यापुढे कुठला कागद जोडायचा ते. विहित नमुना आणि फी किती पडते ते त्यांनी काढून ठेवलंय. लग्नात ज्यांनी ते वाक्य ऐकवलं होतं त्या काकांचा स्वतःचा मुलगा नंतर मामांकडे येऊन गेला, त्याचेही गेलेत म्हणे, घरी सांगितलेलं नाही, मामांनी त्याला आधी १९३० लावायला लावलं आणि मग चहा दिला. माझ्याकडे आता एकच काम आहे, त्या दिवसाच्या स्टेटमेंटची बँकेकडून प्रमाणित केलेली प्रत घेऊन यायची. शाखेत अर्ज दिलाय, पोच घेतलीये, वेळेसकट.